मोडकळीचे घर घेण्याआधी दुरुस्तीचा हिशेब

चोर्ला घाट चढून बेळगावला जाणारे गोमंतकीय आता केवळ खरेदी, दवाखाना आणि मुलांच्या शिक्षणासाठीच जातात असे नाही. गोव्यातील घरांचे दर आवाक्याबाहेर गेल्यावर निवृत्तीनंतरचे घर बेळगावात किंवा पुढे निपाणीच्या बाजूला घ्यावे, असा विचार अनेक कुटुंबे करतात. त्यांच्या नजरेत बऱ्याचदा भरते ते जुने घर. शहापूर-वडगावच्या गल्लीतील कौलारू वास्तू, टिळकवाडीतील वारसांच्या वादात कुलूपबंद पडलेला बंगला, निपाणीत तंबाखूच्या वखारीला लागून असलेला दुसोपी वाडा, नाहीतर कर्ज थकल्यामुळे बँकेने लिलावात काढलेले दुमजली घर. किंमत शेजारच्या घरांपेक्षा बरीच कमी असते. ती कमी का आहे, याचे रुपयांतले उत्तर म्हणजे दुरुस्तीचे अंदाजपत्रक. सौदा ठरल्यानंतर ते केले, तर किती फसलो एवढेच त्यातून कळते.

हिशेबाचे सूत्र साधे आहे. त्याच गल्लीतील, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या सुस्थितीतील घराचा चालू भाव धरावा. त्यातून दुरुस्तीचा खर्च, अनपेक्षित कामांची तरतूद, थकीत कर व देयके आणि काम चालू असताना दुसरीकडे राहण्याचे भाडे वजा करावे. उरते ती त्या घराची जास्तीत जास्त किंमत. अवघड भाग वजाबाकीचा नाही, दुरुस्तीचा आकडा काढण्याचा आहे. तो आकडा या भागात गोव्यापेक्षा वेगळ्या कारणांनी चुकतो.

जमीन आधी, घर नंतर

गोव्यातील माणसाची नजर जांभ्याच्या भिंतीला आणि पावसाच्या ओलीला सरावलेली असते. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरच्या बाजूला, जमीन तांबडी आणि जांभ्याची आहे. तिथे ही नजर कामाला येते. पण पूर्वेकडे सरकले की काळी माती लागते. वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या बाजूची भातशेतीची जमीन आणि निपाणी-चिकोडीचा मोठा पट्टा या मातीचा आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचू शकते. ज्या घराचा पाया त्याहून उथळ आहे, ते घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खचते.

त्यामुळे अशा घरात भिंतीचा तडा पाहताना तो किती रुंद आहे यापेक्षा तो कसा गेला आहे हे महत्त्वाचे. गिलाव्यातील केसासारख्या उभ्या-आडव्या रेषा रंगकामात जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, पायऱ्यापायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून वर चढणारा आणि वर जाताना रुंद होणारा तडा पायाकडे बोट दाखवतो. जानेवारी-फेब्रुवारीत सहज नख जाईल असा तडा ऑगस्टमध्ये मिटल्यासारखा दिसू शकतो. गोमंतकीय ग्राहक गळती पाहण्यासाठी मुद्दाम पावसाळ्यात जातो, ते योग्यच आहे. पण काळ्या मातीवरचे घर उन्हाळ्याच्या अखेरीसही एकदा पाहिले पाहिजे. वेळ असेल तर तड्यावर दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवलेली काचेची पट्टी बसवून ठेवावी. ती तुटली तर हालचाल अजून चालू आहे. नुकताच रंग दिलेले बंद घर या दृष्टीने जास्त संशयास्पद असते.

हालचाल थांबलेली नसेल तर तडे भरण्यावर केलेला सर्व खर्च वाया जातो. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी खाली फुगवटा असलेल्या खोल खांबांचा पाया विकसित केला आणि तो भारतीय मानकातही समाविष्ट झाला. मात्र तो नव्या बांधकामासाठी सोयीचा. उभ्या घराचा पाया टप्प्याटप्प्याने उकरून खाली नवा आधार देणे हे काम खर्चिक, संथ आणि दरपत्रकात आधी न बसणारे आहे. अंदाजपत्रकात ज्याला आकडा देता येत नाही अशा दोषांत पायाचा क्रमांक पहिला. असे घर जमिनीच्या भावाने मिळत असेल तरच पुढे बोलणी करावीत, आणि त्यातूनही पाडण्याचा खर्च वजा करावा.

यासोबत पुराची चौकशी. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगाव शहरात आणि जिल्ह्यात मोठ्या संख्येने घरे पडली. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. २०१९ नंतर कर्नाटक सरकारने नुकसानग्रस्त घरांची अ, ब, क अशी वर्गवारी केली होती. ७५ टक्क्यांहून अधिक हानी झालेले अ वर्गात, २५ ते ७५ टक्के ब वर्गात आणि त्याहून कमी ते क वर्गात. अ वर्गाला ५ लाख रुपयांची मदत होती. ही नोंद सरकारी दप्तरी आहे, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने ती आयती तपासणी आहे. घर कोणत्या वर्गात होते आणि मदत मिळाल्यावर प्रत्यक्षात काय बांधले गेले, हे विक्रेत्याला आणि शेजाऱ्यांना विचारावे. ब वर्गातल्या घराला वरून गिलावा फासून ‘थोडे डागडुजीचे’ म्हणून पुढे केले जात असेल, तर अंदाजपत्रक गिलाव्याच्या आत सुरू होते.

मातीची भिंत, लाकडी तुळई

शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. शहापुरी साडी याच गल्ल्यांतली. अनेक घरांत पुढच्या सोप्यात माग होते, पुढे यंत्रमाग आले. हातमागाच्या खड्ड्यावर नंतर भराव टाकून वर शहाबादी फरशी बसवलेली असेल, तर तिथली जमीन टाचेने ठोकताच पोकळ वाजते. यंत्रमागाच्या वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी जुन्या भिंतींचे सांधे सैल झालेले असू शकतात. घरात पूर्वी माग होता का, हा प्रश्न म्हणून निरर्थक नाही.

जुन्या भिंती बहुधा मातीच्या किंवा चुन्याच्या गाऱ्यात बांधलेल्या असतात. अशा भिंतीला नंतरच्या काळात सिमेंटचा गिलावा केलेला असतो आणि तोच तिचा शत्रू ठरतो. जमिनीतून वर चढलेली ओल पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जात असे. सिमेंट ती कोंडून ठेवते. तळापासून तीन-चार फुटांवर लोणा लागलेला पट्टा दिसतो. दुकानदार सुचवतो तो ओल रोखणारा रंग दोन पावसाळेही टिकत नाही. खरा उपाय म्हणजे तो गिलावा तेवढ्या उंचीपर्यंत काढून चुन्याचा नवा करणे आणि भिंतीबाहेरचे पाणी वाहून जाण्याची वाट करणे. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळणे ही आणखी एक अडचण, आणि तो मिळाला तर त्याची मजुरी नेहमीच्या दराने मिळेल असे धरू नये.

लाकूड तपासायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे, खांबाच्या तळाशी आणि वाशांच्या टोकांना तो टोचून पाहावा. सहज आत गेला तर वाळवी किंवा कुज. मध्यभागी लाकूड खणखणीत आणि टोके भुसा झालेली, हे नेहमीचे चित्र आहे. अशा वेळी पूर्ण तुळई बदलावी लागत नाही, टोकाला जोड देता येतो; सुताराचा आणि अभियंत्याचा आकडा इथे खूप वेगळा असू शकतो. जुने सागवान चांगले असेल तर ते जमेची बाजू आहे. मात्र व्यवहार लांबला की कोरीव चौकटी, खांब आणि झरोके आधी गायब होतात.

छपराचा अंदाज मात्र कोणालाही घरी बसून काढता येतो. समजा, वळचणीसह घराची मापे ९ मीटर बाय १२ मीटर आहेत. म्हणजे १०८ चौरस मीटर. छपराचा उतार ३० अंशांचा असेल तर प्रत्यक्ष क्षेत्र १.१५ पटीहून किंचित अधिक, सुमारे १२५ चौरस मीटर. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. म्हणजे १,८७० कौले, आणि फुटतूट १० टक्के धरून सुमारे २,०५०. जुनी निम्मी कौले पुन्हा वापरता येतील असे मिस्त्री म्हणतो तेव्हा उतरवताना किती फुटतात हे तो धरत नाही. कौलांपेक्षा खर्च रीप, वासे आणि मजुरीचा असतो, त्यामुळे कौले जुनी वापरून फार वाचते असेही नाही.

एककांचा घोळ इथेच मिटवावा. गोव्यात व्यवहार चौरस मीटरमध्ये चालतो. बेळगावात घर चौरस फुटात, जमीन गुंठ्यात आणि वाळू-खडी ब्रासमध्ये सांगतात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१ चौरस मीटर, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.

स्लॅबच्या घरात प्रश्न लोखंडाचा. गच्चीतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की आतली सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, त्यामुळे खालचे काँक्रीट फुगून सुटते. छताला तपकिरी डाग, सळईच्या रेषेत सरळ भेगा आणि ठोकल्यावर बद्द आवाज ही त्याची चिन्हे. गंजलेली सळई उघडी असेल तर घासून तिची जाडी मोजावी. १२ मिलिमीटरची सळई १० उरली असेल तर ऐकायला दोनच मिलिमीटर गेले. प्रत्यक्षात तिचे छेदक्षेत्र सुमारे ३० टक्के घटले. हातोड्याच्या उसळीची आणि ध्वनिलहरींची चाचणी करून काँक्रीटची अवस्था कळते. खरेदीच्या किमतीच्या मानाने या तपासणीचा खर्च किरकोळ आहे, आणि तो टाळणे हीच या व्यवहारातली सर्वांत महागडी काटकसर.

गच्चीच्या दुरुस्तीत विसरला जाणारा आकडा मलब्याचा. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर चार इंच जाडीचा जुना विटांचा कोबा असेल तर तो ३३३ घनफूट, म्हणजे सव्वातीन ब्रास होतो. उकरल्यावर तो फुगतो आणि पाच ब्रासच्या घरात जातो. शहापूरच्या अरुंद गल्लीत टिपर दारापर्यंत येत नाही. हा पाच ब्रास मलबा पाट्या-घमेल्यांनी बाहेर न्यायचा आणि वाळू-खडी तशीच आत आणायची. दरपत्रक देणारा बाहेरगावचा कंत्राटदार गल्ली न पाहता आकडा देत असेल तर तो आकडा खरा नाही.

वीज आणि नळ यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. लाकडी पट्टीवरची जुनी वायर आणि गंजके लोखंडी नळ पूर्ण बदलायचे असेच धरावे, भाग-भाग दुरुस्ती धरू नये. परसात विहीर असेल तर तिचा कठडा आणि पाणी पाहावे. चालू विहीर ही बेळगावच्या जुन्या घराची संपत्ती आहे.

सामाईक भिंत

जुन्या पेठांतील घरे एकमेकांना टेकून उभी आहेत. दोन घरांत मिळून एक भिंत, आणि शेजाऱ्याच्या तुळयांची टोके त्याच भिंतीत. इथे दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या घरापुरता राहत नाही. भिंत उतरवायची तर शेजाऱ्याच्या मजल्याला टेकू द्यावे लागतात, त्याचा गिलावा आणि कौले सांधून द्यावी लागतात, आणि त्याआधी त्याची लेखी संमती लागते. ती नसेल तर काम न्यायालयात जाऊन थांबते आणि उघडे पडलेले घर पावसात भिजत राहते.

‘दुरुस्ती परवडत नसेल तर पाडून नवे बांधू’ हा पर्याय बोलायला सोपा आहे. पण जुने घर जागेच्या कडेपासून कडेपर्यंत बांधलेले असते. नव्या बांधकामाला नियमानुसार मोकळी जागा सोडावी लागते. दर्शनी रुंदी कमी असलेल्या जागेवर नवे घर जुन्यापेक्षा लहान होऊ शकते. म्हणून पाडण्याचा विचार असेल तर आधी वास्तुविशारदाकडून त्या जागेवर किती बांधता येईल याचा कच्चा आराखडा घ्यावा. विक्रेता सांगतो ते चालू बांधकामाचे क्षेत्रफळ इथे काहीच कामाचे नाही.

लिलावातले घर

बँकांची थकीत कर्जे वसूल करण्यासाठी असलेला सरफेसी कायदा २००२ चा. सहकारी बँकांनाही तो वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी स्पष्ट केले. तो खटला निपाणीपासून जवळच असलेल्या मुरगूडच्या सहकारी बँकेशी संबंधित होता. सीमाभागात सहकारी बँकांचे जाळे दाट असल्याने लिलावाच्या जाहिरातींत त्यांची घरेही दिसतात.

जाहिरातीतील ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द दुरुस्तीच्या हिशेबासाठी निर्णायक आहेत. नंतर सापडलेला कोणताही दोष बँकेकडून भरून मिळणार नाही, असा त्यांचा व्यवहारातला अर्थ. दुसरा पाहायचा शब्द म्हणजे ताबा. ‘प्रत्यक्ष ताबा’ असेल तर जाहिरातीत दिलेल्या दिवशी आत जाऊन पाहता येते. ‘प्रतीकात्मक ताबा’ असेल तर आत अजून कर्जदार राहतो. घर रस्त्यावरून पाहून बोली लावावी लागते. अशा वेळी गच्ची, वायरिंग, नळ, दारे-खिडक्या सर्व बदलायचे असेच धरून आकडा काढावा, कारण घर सोडून जाणारा माणूस मोटार आणि जाळ्या मागे ठेवेलच असे नाही. ताबा मिळायला किती महिने लागतील हेही बोलीत धरावे.

वेळही थोडा असतो. पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस असते. बोली मान्य झाली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते, उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तर जास्तीत जास्त तीन महिन्यांत. न भरल्यास भरलेली रक्कम जप्त होते. अभियंत्याला नेणे, माप घेणे आणि दर मागवणे हे सर्व त्या ३० दिवसांत बसवायचे असते.

थकबाकीची चौकशी महापालिका किंवा नगरपालिकेत आणि वीजपुरवठा करणाऱ्या हेस्कॉमकडे करावी. जुन्या मालकाचे वीजबिल नव्या मालकाला भरावे लागत नाही, हा समज महागात पडू शकतो. १९ मे २०२३ रोजी केरळ राज्य वीज मंडळाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, नवी जोडणी देताना जुनी थकबाकी भरण्याची अट वीज कंपनीला नियमांच्या आधारे घालता येते, असे म्हटले आहे. नोंदणी कार्यालयातील बोजा दाखला आणि ई-खाता कन्नडमध्ये असतात. ते वाचून घेण्यासाठी एजंटापेक्षा स्वतःचा वकील बरा. जुन्या, मुंबई राज्याच्या काळातील दस्तांत मात्र मराठी आणि क्वचित मोडीही भेटते.

आकडा मांडताना

‘चौरस फुटाला इतके’ असा दर नव्या बांधकामाला चालतो. जुन्या घराला तो लावणाऱ्याने घर पाहिलेले नाही असे खुशाल समजावे. दुरुस्ती बाबवार मांडावी लागते: किती चौरस फूट गिलावा काढायचा, किती नवा करायचा, किती तुळया, किती मीटर नळ. दराची वाजवी पातळी कळण्यासाठी कर्नाटकच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची पाहावी. बाजारभाव तिच्या वर-खाली असतो, पण कोणत्या बाबीत कोणती कामे येतात हे तिच्यातून समजते. कंत्राटदाराच्या आकड्यात जीएसटी आहे की वेगळा, हे लिहून घ्यावे. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीची दरपत्रके तशीच वापरू नयेत.

नव्या कामाच्या सरकारी अंदाजपत्रकात अनपेक्षित खर्चासाठी साधारण ३ ते ५ टक्के धरतात. जुन्या घराला ते पुरत नाहीत. गिलावा काढल्याशिवाय भिंत आणि छत उतरवल्याशिवाय तुळई दिसत नाही. २० टक्के धरणे ही अतिशयोक्ती नव्हे.

कल्पित आकड्यांनी हिशेब असा दिसेल. गल्लीतील सुस्थितीतील घर ६० लाखांचे. दुरुस्ती १४ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे २ लाख ८० हजार, थकबाकी ७० हजार, आठ महिन्यांचे भाडे दरमहा १२ हजारांनी ९६ हजार. एकूण १८ लाख ४६ हजार. म्हणजे त्या घराची मर्यादा ४१ लाख ५४ हजार. विक्रेता ४५ लाख मागत असेल तर पंधरा लाखांनी स्वस्त दिसणारे ते घर प्रत्यक्षात साडेतीन लाखांनी महाग आहे. शिवाय बँक खरेदीला कर्ज देते ते तिच्या मूल्यांकनावर. दुरुस्तीच्या १४ लाखांतील बराचसा भाग बहुधा खिशातून उभा करावा लागतो. निवृत्तीचा सगळा पैसा खरेदीत घातलेल्या कुटुंबाचे घर इथेच अर्ध्यावर अडते: छप्पर उतरवलेले, पावसाळा तोंडावर आणि हातात काही नाही.

खासगी व्यवहारात एक सोय आहे, ती लिलावात नसते. विसार देताना जो करार होतो, या भागात ज्याला संचकारपत्र म्हणतात, त्यात अटी घालता येतात. अभियंत्याला घर आतून पाहू देणे, एखाद-दोन ठिकाणी गिलावा खरवडून तपासू देणे आणि पाया किंवा स्लॅबमध्ये गंभीर दोष निघाल्यास विसार परत करणे, या तीन अटी मान्य न करणारा विक्रेता घराबद्दल बरेच काही सांगून जातो. घरातील चौकटी, खांब, मोटार, पाण्याची टाकी यांची छायाचित्रांसह यादी त्याच पत्राला जोडावी आणि दस्त होण्याच्या दिवशी सकाळी ती घेऊन घरातून एक फेरी मारावी.